सुजवटी आणि प्रथिनांवर फुटलेले खापर

गोव्यात बालकुपोषणाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतेच: शीतकडीशिवाय, म्हणजे भात आणि मासळीच्या कढीशिवाय, ज्यांचे जेवण होत नाही, त्यांच्या पोरांना प्रथिनांची वाण कशी पडेल? आकडे मात्र वेगळे बोलतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-20 च्या फेरीत राज्यातील पाच वर्षांखालील 25.8 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, तर 19.1 टक्के मुले उंचीच्या मानाने रोड निघाली. 2015-16 मध्ये खुज्या मुलांचे प्रमाण 20.1 टक्के होते. म्हणजे ते वाढले. दरडोई उत्पन्नात देशात पुढे असलेल्या राज्याची ही गोष्ट आहे.

मासळी आणि प्रथिने यांचे हे समीकरण समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. सिसिली विल्यम्स ही जमैकात जन्मलेली डॉक्टर ब्रिटिश वसाहत सेवेतून आजच्या घानामध्ये काम करत होती. तिथे तिला एक ते चार वर्षांची मुले दिसत. पायांवर सूज, केस तांबूस, कातडी सोललेली, आणि मूल सतत किरकिरे. 1933 मध्ये तिने त्यावर लेख लिहिला. ही मुले मक्याच्या पेजेवर वाढत होती. हा पेलाग्रा, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोगच आहे, असे म्हणत जाणत्या मंडळींनी तिला खोडून काढले. 1935 मध्ये तिने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुन्हा लिहिले आणि स्थानिक आया वापरत तेच नाव रोगाला दिले: क्वाशिओरकोर. पाठचे भावंड आले, अंगावरचे दूध तुटले की थोरल्याला हा आजार जडतो, हे त्या आयांना डॉक्टरांच्या आधी ठाऊक होते. आपल्याकडे वाग्भटाने ‘पारिगर्भिक’ या नावाखाली गरोदर आईचे दूध पिणाऱ्या, कृश आणि पोट सुटलेल्या मुलाचे वर्णन करून ठेवलेच आहे. मराठीत या आजाराला सुजवटी म्हणतात. सूज नसून नुसती हाडे-कातडी उरली तर ती सुकटी.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगाने यातून एकच धडा उचलला: प्रथिने कमी, म्हणून रोग. 1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली प्रथिन सल्लागार गट स्थापन झाला. माशांच्या भुकटीपासून थेट पेट्रोलियमवर वाढवलेल्या सूक्ष्मजीवांपर्यंत सगळीकडे प्रथिने शोधण्यात पैसा ओतला गेला.

याला पहिले ठोस आव्हान हैदराबादहून मिळाले. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी 1968 मध्ये दाखवले, की सुजवटी आणि सुकटी झालेल्या मुलांच्या पूर्वीच्या आहारात फारसा फरकच नव्हता. एकाच प्रकारच्या उपासमारीत एक मूल सुजते, दुसरे सुकते. साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे तेव्हा रोमला अन्न व कृषी संघटनेत होते. त्यांचे म्हणणे असे, की भारतात प्रथिनांची तूट दिसते ती बहुतेक वेळा पोटभर न खाण्यामुळेच. ताटात ऊर्जाच कमी असेल, तर शरीर प्रथिनेही सरपणासारखी जाळते. 1974 मध्ये पोषणतज्ज्ञ डोनाल्ड मॅकलॅरन यांनी या साऱ्या प्रथिन-मोहिमेला ‘लॅन्सेट’मध्ये सरळ फजिती ठरवले. पुढे 2013 मध्ये मलावीतील जुळ्यांच्या अभ्यासात एकाच घरात, एकाच ताटात वाढलेल्या दोघांपैकी अनेकदा एकालाच सुजवटी झालेली आढळली. आतड्यातील जिवाणूंकडे तेव्हापासून अधिक लक्ष गेले. नेमके कारण आजही पूर्ण उलगडलेले नाही.

उपचारातली गंमत तर पाहण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या पुस्तिकेप्रमाणे दाखल केलेल्या मुलाला सुरुवातीला दिले जाणारे ‘एफ-75’ दूध मुद्दाम कमी प्रथिनांचे असते, 100 मिलिलिटरला जेमतेम 0.9 ग्रॅम. मूल सावरले की मग 2.9 ग्रॅमचे ‘एफ-100’. प्रथिनांअभावी झाला म्हणावा, त्या रोगात पहिल्याच दिवशी प्रथिने कोंबली तर मूल दगावू शकते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिचे मूळ माप प्रत्येक मुलामागे रोज 300 कॅलरी आणि 8 ते 10 ग्रॅम प्रथिने असे होते. अंगणवाडी गोव्यात आली ती याच योजनेतून.

आता पुन्हा शीतकडीकडे. घरात बांगडा शिजतो म्हणून तो दीड वर्षाच्या पोराच्या तोंडी जातोच असे नाही. काट्याच्या आणि तिखटाच्या भीतीने त्याच्या वाट्याला पेजच येते. पेज वाईट नाही, पण ती बहुतांशी पाणी. चिमुकले पोट लगेच भरते आणि ऊर्जा थोडीच मिळते. त्यात पावसाळ्यात जुलाब, ताप. आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा ताजी मासळी महागते. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवून ठेवलेली, खारी मासळी मोठ्यांच्या पेजेला चव आणते, तान्ह्यांच्या ती कामाची नाही. पेजेत चमचाभर खोबरेल तेल किंवा तूप, घोटलेली मूगडाळ, नाचण्याचे सत्त्व, आणि दिवसातून अनेकदा थोडे थोडे भरवणे, यांचा उपयोग मासळीच्या चर्चेपेक्षा जास्त.

सर्वेक्षणात उंची आणि वजन मोजले जाते, सूज नव्हे. त्यामुळे गोव्याच्या त्या 19.1 टक्क्यांत सुजवटीची मुले किती, हे त्यातून कळत नाही. उलट अंगात साठलेल्या पाण्याने वजन फुगते आणि वजनकाट्यावर मूल ठीक भासते. म्हणून वजनाबरोबर दोन्ही पावलांवर अंगठा काही सेकंद दाबून बघायचा असतो. दोन्हीकडे खळगा राहिला, तर काटा काहीही सांगो, मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे.