दामदुपट

दामदुपट : थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, असा हिंदू ऋणविधीतील नियम. दाम म्हणजे पैसा. मुद्दल व व्याज मिळून होणारे येणे मुद्दलाच्या दुपटीवर जाऊ नये, असा या संज्ञेचा अर्थ. दामदुप्पट असेही लिहितात. ‘दाम’ची व्युत्पत्ती सामान्यतः संस्कृत द्रम्म व त्यामागील ग्रीक द्राख्मा या नाण्याच्या नावापर्यंत नेली जाते. हल्ली हा शब्द पैसे दुप्पट करून देण्याच्या आमिषासाठीच अधिक ऐकू येतो. मूळ संज्ञेत मात्र दुप्पट ही धनकोच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या, मागणीची शेवटची सीमा आहे.

नियमाचा जुना उल्लेख गौतमधर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात आढळतो : ‘चिरस्थाने द्वैगुण्यं प्रयोगस्य’, म्हणजे कर्ज दीर्घकाळ राहिल्यास दिलेल्या रकमेची दुप्पट. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे या सूत्राचा काळ इ.स.पू. ६०० ते ४०० च्या दरम्यान मानतात; अलीकडचे संशोधक तो बराच पुढे आणतात आणि ते अधिक ग्राह्य वाटते. मनुस्मृतीत (८.१५१) हा नियम विस्ताराने येतो : ‘कुसीदवृद्धिर्द्वैगुण्यं नात्येति सकृदाहृता’. धान्य, लोकर, ओझ्याची जनावरे इत्यादींसाठी तेथे पाचपटीची मर्यादा आहे. याज्ञवल्क्यस्मृती (२.३९) सोन्याला दुप्पट, धान्याला तिप्पट, वस्त्राला चौपट व तेलातुपासारख्या रसांना आठपट अशी चढती श्रेणी देते.

मनूच्या वचनातील शेवटच्या पदावरून मोठा पाठभेद आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात इ.स. ११०० च्या सुमारास मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने दोन्ही पाठ विचारात घेतले. ‘सकृदाहिता’ म्हणजे एकदाच कर्जाऊ दिलेली रक्कम, असा पाठ घेतल्यास दुपटीची मर्यादा त्या एका व्यवहारापुरती राहते. कर्ज दुसऱ्या माणसावर गेले, किंवा त्याच माणसाशी ‘रेकसेक’ करून, म्हणजे जुना हिशोब रिता करून पुन्हा नव्याने भरून, वेगळा व्यवहार झाला तर व्याज दुपटीपलीकडे पुन्हा पूर्ववत वाढते. ‘सकृदाहृता’ म्हणजे एकाच वेळी उचललेले व्याज, असा पाठ घेतल्यास रोज, महिन्याला किंवा वर्षाला थोडेथोडे घेतलेल्या व्याजाला मर्यादा लागत नाही. ऋणकोने, म्हणजे कर्ज घेणाऱ्याने, हजारावर आठशे व्याज वेळोवेळी फेडले असेल, तरी पुढे थकलेले आणखी हजार मागता येतात. पुढील न्यायालयीन निर्णयांचा कल या दुसऱ्या अर्थाकडे आहे. पहिल्या अर्थातील रेकसेकाची सवलत मात्र दख्खनच्या शेतकऱ्याला फार महाग पडली.

नियमाची नैतिक बैठक ध्यानात घेण्यासारखी आहे. व्याज घेणेच पाप, अशी भूमिका येथे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दरमहा शेकडा सव्वा ‘पण’ (त्या काळचे नाणे) या व्याजाला ‘धर्म्य’ म्हटले आहे. व्यवहारातील दर पाच, अरण्यातून माल नेणाऱ्यांना दहा व समुद्रावर जाणाऱ्यांना वीस पण. जोखीम वाढली की मोबदला वाढतो, हे उघडपणे मान्य केलेले दिसते. दामदुपट दराला हात लावत नाही. थकबाकी साचू देण्याला लावते. सव्वा टक्क्याने मुद्दलाइतके व्याज साचायला ऐंशी महिने लागतात, दोन टक्क्यांनी पन्नास. त्यानंतर धनकोने गप्प राहण्यात लाभ नाही, म्हणून वेळेवर वसुली करणे हे त्याच्याच हिताचे ठरते. सावकारीला प्रामाणिक धंदा म्हणून टिकवणारा हा नियम आहे आणि त्याचे मोल त्यातच आहे.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात तो न्यायालयांनी चालू ठेवला. १८५५ च्या २८ व्या कायद्याने व्याजदरावरील बंधने उठली, तरी दामदुपट त्याने रद्द होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने मानले. कलकत्ता शहरात नियम लागू होता, बंगालच्या मुलखात नव्हता. मद्रास इलाख्यात तो मानला गेला नाही. मुंबईत मूळ ऋणको हिंदू असणे आवश्यक ठरले, धनको कोणीही चालेल. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये कायदा व रूढी यांच्या अभावी प्रतिवादीचा कायदा लावण्याची तरतूद होती, तिच्याशी हे सुसंगत आहे. दावा दाखल झाल्यानंतरच्या व्याजाला मर्यादा नव्हती. उभयतांच्या कराराने मुद्दलात मिळवलेले व्याज मुद्दलच समजले जाई.

खरी गोम या शेवटच्या कलमात होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खतावरील, म्हणजे कर्जरोख्यावरील, दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. त्यामुळे तिसरे वर्ष संपण्याआधी सावकार नवे खत मागे : जुने शंभराचे खत फाडायचे, व्याजासह दीडशेचे नवे लिहायचे, खाली कुणब्याचा अंगठा घ्यायचा. दीडशे हेच आता मुद्दल, आणि दुपटीची मोजणी तेथून पुन्हा सुरू. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू होऊन पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या उठावात शेतकऱ्यांनी खते व रोखेच हुडकून जाळले, ते उगीच नव्हे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासून हिशोब घेण्याचा व मुद्दल व्याजापासून वेगळे काढण्याचा अधिकार दिला.

मुंबई सावकारी अधिनियम, १९४६ च्या कलम २३ ने मुद्दलापेक्षा अधिक व्याजाचा हुकूमनामा देण्यास मनाई केली. तेथे ऋणकोचा धर्म पाहिला जात नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्येही हे तत्त्व कायम आहे. बँकांना दामदुपट लागत नाही, पण अल्प व अत्यल्प भूधारकांच्या अल्पमुदतीच्या पीककर्जावर आकारलेले एकूण व्याज मुद्दलाहून जास्त असू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे.

रोमन कायद्यातही थकीत व्याजाला मुद्दलाइतकी मर्यादा होती. तिच्यातून आलेला नियम दक्षिण आफ्रिकेत आजही चालतो. दोन्ही परंपरा स्वतंत्रपणे घडल्या असाव्यात.