फिर्यादीत न दिसणारा मोबाइल

महाराष्ट्रातल्या बहुतेक अपघातांच्या फिर्यादींत एक ओळ हमखास भेटते: ‘भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’. चालकाच्या हातात फोन होता, हे मात्र क्वचितच लिहिलेलं सापडतं. भरपाई मागणाऱ्या घराला ही गाळलेली गोष्ट पुढे फार महागात पडते.

एके काळी असं घर दावाच करू शकत नव्हतं. इंग्रजी न्यायाचा जुना दंडक असा, की जखमी माणसाने भरपाई मागावी, पण तो मेला तर त्याच्या बायकामुलांना हक्क नाही. इंग्लंडने १८४६ मध्ये हा दंडक मोडला. १८५५ च्या प्राणांतिक अपघातांच्या कायद्याने तो हक्क आपल्याकडे आला. पण दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालायचा आणि हुकूमनामा मिळाला तरी चालकाकडून वसूल काय करणार? म्हणून १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा झाला. ते प्रकरण प्रत्यक्षात लागू व्हायला १९४६ उजाडलं. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली.

माझ्या मते खरं वळण १९८२ चं. चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये मिळू लागले. रक्कम तुटपुंजीच, पण पुराव्याचं ओझं दुःखात असलेल्या घराच्या खांद्यावरून पहिल्यांदा थोडं उतरलं. १९८८ च्या कायद्याने हेच पुढे नेलं. १९९४ मध्ये दावा दाखल करण्याची मुदतच काढून टाकली गेली. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. मला हे पाऊल मागे पडलेलं वाटतं: कमावता माणूस गेलेल्या घराला सहा महिन्यांत कागद गोळा करणंही जड जातं. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे.

रकमेचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात पक्का केला. समजा, स्वतःचा व्यवसाय करणारा, महिना २० हजार कमावणारा ३२ वर्षांचा माणूस गेला. भावी वाढीचे ४० टक्के धरून २८ हजार. मागे चौघं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. या वयाचा गुणक १६, म्हणजे ४० लाख ३२ हजार. अंत्यविधीसारख्या गोष्टींची ठरावीक रक्कम वेगळी.

आता विमा कंपनीचा वकील म्हणतो, मृताचीही चूक होती, तोच अचानक आडवा आला. न्यायाधिकरणाने ३० टक्के चूक त्याच्या माथी मारली, की १२ लाखांहून अधिक रक्कम गेली. समोरचा चालक फोनवर होता हे दाखवता आलं, तर हा युक्तिवाद टिकणं अवघड. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागतही नाही, शक्यतेचं पारडं जड झालं तरी पुरतं.

कायद्याला फोन उशिरा दिसला. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा, तर कायदा १९८८ चा. धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्ये हातातल्या फोनचा स्पष्ट उल्लेख २०१९ च्या दुरुस्तीने आला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून नियमांनी फक्त रस्ता पाहण्यापुरती सवलत दिली, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

पण पुरावा असतो चालकाच्या खिशात. कॉलचे तपशील दूरसंचार कंपनीकडून मागवता येतात आणि पंचनाम्यातल्या अपघाताच्या वेळेशी ताडता येतात. स्क्रीनवर सरकणारा व्हिडिओ किंवा अर्धवट टाइप केलेला मेसेज मात्र त्या तपशिलांत उमटत नाही, त्यासाठी फोनच जप्त व्हावा लागतो, आणि तो त्याच दिवशी. कॉलचे तपशील जपण्याची कंपन्यांवरची सक्ती २०२१ च्या डिसेंबरपर्यंत एका वर्षाची होती, आता किमान दोन वर्षांची आहे. दाव्यातली साक्ष निघायला अनेकदा त्याहून जास्त काळ लागतो, म्हणून ते तपशील मागवण्याचा अर्ज दाव्यासोबतच द्यावा लागतो.