किलोमीटर जास्त, तरी वेळ कमी

नागपुरात अंतराचा विषय निघाला की झिरो माईलचा दगड आलाच, पण विमानाच्या बाबतीत नुसत्या किलोमीटरवरून वेळ काढायला गेलं की गणित फसतं भाऊ. आपल्या सोनेगाव विमानतळावरून मुंबई सरळ रेषेत साधारण 700 किलोमीटर, वर गेल्यावर विमान 800 च्या आसपास पळतं, म्हणजे तासाच्या आत पोचायला पाहिजे ना, तरी तिकिटावर दीड तास असतोच. कारण तो वेळ इकडचं गेट सोडल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतचा, त्यात रनवेपर्यंत सरकणं आलं, चढणं-उतरणं आलं आणि मुंबईवर घिरट्या घालणं तर आलंच.

ही झाली छोटी गोष्ट. खरी गंमत लांबच्या फ्लाईटमधे आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, जवळपास 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मधे ते उलट दिशेनं, पॅसिफिकवरून नेलं, अंतर वाढून 15,300 किलोमीटरच्या घरात गेलं आणि तरी साडेचौदा तासांत पोचलं, पहिल्यापेक्षा लवकर! कारण वारा. 10-12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वारा वाहतो, हिवाळ्यात कधीकधी ताशी 200 किलोमीटरच्या वर, आणि पूर्वेकडे निघालेल्या विमानाला तो मागून ढकलतो.

इथं कोणीतरी हमखास म्हणतं की पृथ्वी खालून फिरते म्हणून असं होतं. तसं नाही. हवाही पृथ्वीसोबतच फिरते, चालत्या ट्रेनमधे उडी मारली तर आपण मागच्या डब्यात जाऊन पडतो का?

पण म्हणणारा अगदीच चूक नाही बरं का. विषुववृत्तावरची जमीन पूर्वेकडे ताशी 1,670 किलोमीटरनं फिरते, नागपूरची साधारण 1,560 नं आणि दिल्लीची 1,470 च्या आसपास, कारण उत्तरेकडे जावं तसा फिरण्याचा घेर लहान होत जातो. आता विषुववृत्तावर तापून वर चढलेली हवा उत्तरेकडे सरकते तेव्हा आपला तो जुना वेग सोबतच घेऊन येते, खालची जमीन मात्र हळू, मग ती हवा जमिनीच्या पुढे पूर्वेकडे पळायला लागते. जेट स्ट्रीमचं हे एक मोठं कारण. म्हणजे पृथ्वीचं फिरणं कामाला येतं, पण वाऱ्याच्या मार्फत.

आणि जाताना वाचलं ते येताना गेलं, हिशोब बरोबर, असंही नाही बाप्पा. 7,200 किलोमीटरचा प्रवास, विमानाचा वेग 900, वारा 100 चा धरा. जाताना 1,000 च्या वेगानं 7 तास 12 मिनिटं, येताना 800 नं पूर्ण 9 तास, एकूण 16 तास 12 मिनिटं. वारा नसता तर 16 च लागले असते. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून ही 12 मिनिटं जास्तीची.