आर्थिक साक्षरता आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची बचत

पैशाविषयीचे ज्ञान, कौशल्य, वृत्ती आणि प्रत्यक्ष वागणूक यांचा मेळ म्हणजे आर्थिक साक्षरता. तिचा तरुणांच्या बचतीशी असलेला संबंध हा अर्थशिक्षणातील वादाचा विषय आहे. ती मोजण्यासाठी अ‍ॅनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या अर्थतज्ज्ञांनी तयार केलेले तीन प्रश्न जगभर वापरले जातात. चक्रवाढ व्याज, महागाई आणि जोखमीची विभागणी, म्हणजे सगळा पैसा एकाच ठिकाणी न गुंतवणे, हे त्यांचे विषय. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या 2019 च्या पाहणीत भारतातील 27 टक्केच लोक आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले.

विद्यार्थ्याला यांपैकी चक्रवाढ सर्वांत आधी कळायला हवी. सावकारी व्याज ‘शेकडा तीन’ असे महिन्यावर बोलले जाते आणि आकडा किरकोळ वाटतो. व्याज थकत गेले की तेच वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जाते. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे गणितही असेच चालते. बचतीची बाजू इतकी वेगवान नसते: टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत दरमहा 500 रुपये 6.7 टक्के दराने पाच वर्षे भरले, तर 30,000 चे सुमारे 35,700 होतात. ही वाढ डोळे दिपवणारी आहे असे मुलांना सांगू नये. परीक्षेचा फॉर्म किंवा आजारपण आले तर उसनवारी करावी लागत नाही, हा त्यांचा मोठा लाभ.

शिकवल्याने सवय लागते का? फर्नांडिस, लिंच आणि नेटमायर यांच्या 2014 च्या आढाव्यात अर्थशिक्षणाचा वागणुकीवरील परिणाम अत्यल्प आणि काळानुसार विरणारा आढळला. 2022 मध्ये 76 प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून मात्र तो निश्चित दिसला. वर्गातला धडा आणि हातात येणारा पैसा यांत अंतर राहिले की धडा विसरला जातो, असे मानायला जागा आहे.

म्हणून ‘कमवा आणि शिका’ योजनेचे महत्त्व वाटते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1947 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ती रुजली; पुढे विद्यापीठांनीही स्वीकारली. तासांच्या हिशेबाने मिळणारे मानधन जपून खर्च होते. शिष्यवृत्ती मात्र एकरकमी खात्यात येते आणि मेसचे बिल दर महिन्याला, त्यामुळे तिची वाटणी आधीच ठरवावी लागते. या विद्यार्थ्यांपैकी काहीजण घरीही पैसे पाठवतात. नुसती खात्यातली शिल्लक मोजणाऱ्या पाहणीत हा पैसा बचत म्हणून दिसत नाही.