थंडीतली लॉन: दिवाळी ते पाडवा

डिसेंबर लागला की आमचा फोन एकाच तक्रारीसाठी वाजतो: "लॉन पिवळी पडली, खत टाकायला माणूस पाठवा." माणूस आम्ही पाठवत नाही. का, ते एकदा नीट लिहून ठेवतो.

नाशकात आपण लावतो ते गवत, मेक्सिकन असो, सिलेक्शन वन असो की साधी हरळी, सगळं उष्ण हवेचं. रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला की त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि पातं फिकं पडतं. तिकडे निफाडला पारा ५ च्याही खाली गेला की बागाईतदार द्राक्षांसाठी शेकोट्या पेटवतात. लॉनला एवढे लाड लागत नाहीत. शंका असेल तर पिवळ्या भागातलं गवत चिमटीत धरून ओढा. घट्ट लागलं आणि बुडाशी हिरवट-पांढरं दिसलं तर ते झोपलंय, झोपू द्या. चटकन हातात आलं आणि मुळं तपकिरी निघाली, तरच आम्हाला बोलवा.

युरिया नको

ही चूक आमच्याच हातून झालेली आहे. एका बंगल्यावर आमच्या मुलाने सकाळी साडेसातला, पात्यांवर दव असताना युरिया फेकला. दाणे ओल्या पात्याला चिकटले. चार दिवसांनी लॉनभर करपलेल्या कमानी उमटल्या, अगदी हाताची मूठ जशी फिरली तशा. त्या महिन्याचे पैसे अर्थातच घेतले नाहीत. आणि दव नसतं तरी उपयोग काय? थंडीत गवत युरियातलं नत्र (नायट्रोजन) फारसं उचलत नाही. जे कोवळं फुटतं त्यावर बुरशी आधी बसते.

द्यायचंच असेल तर नोव्हेंबरमध्ये पोटॅश, म्हणजे ०:०:५० (नत्र शून्य, स्फुरद शून्य, पालाश ५० टक्के). द्राक्षवाल्या घरात हे आकडे समजावायला लागत नाहीत! १००० चौरस फुटांना अर्धा किलो, सुक्या गवतावर, आणि लगेच भरपूर पाणी.

पाणी कमी, पण सकाळी

संध्याकाळी पाणी मारलं की गवत रात्रभर ओलं राहतं आणि सकाळी रुपयाएवढे पांढुरके डाग दिसतात. ती बुरशी. ऊन आल्यावर पाणी द्या, रोज नको. लॉनवरून चालत जा आणि मागे वळून बघा: पावलांचे ठसे तसेच राहिले तर तहान लागलीय, गवत उभं राहिलं तर आज सुट्टी. आपल्या काळ्या मातीत वरून कोरडं दिसलं तरी खाली ओल टिकते.

उत्तरेची पट्टी

"एवढीच पट्टी का खराब होते?" हा प्रश्न दरवर्षी येतो. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे १० फुटी भिंतीची सावली उत्तरेला ९ फुटांहून जास्त पडते. मे महिन्यात तीच जागा भाजून निघते. त्या पट्टीला पाणी निम्मं करा आणि तिथे मुलांचं क्रिकेट बंद. बदामाची पानं जानेवारी-फेब्रुवारीत लाल होऊन गळतात, तीही रोज उचला. एकेक पान म्हणजे ताटाएवढी सावली.

कापणी पंधरा-वीस दिवसांनी, दोन इंच उंची ठेवून. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. पात्यांची टोकं फाटून पांढरी दिसली तर मशीनच्या ब्लेडला धार लावायची वेळ झाली.

शिव शिव म्हणत थंडी गेली की

खरं काम महाशिवरात्रीनंतर. आधी दाताळ्याने मेलेलं गवत ओरबाडून काढायचं. लॉन आठवडाभर भिकार दिसते, घाबरू नका. मग बागकामाच्या काट्याने चार-सहा इंचांवर तीन इंच खोल भोकं पाडायची. काळी माती हिवाळाभर दाबली जाऊन विटेसारखी होते, तिला हवा लागते. त्यावर चाळलेला पोयटा (गाळाची माती), वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत यांचा पाव इंच थर. १०० चौरस फुटांना साधारण चार घमेली. शेणखत कच्चं असेल तर त्याबरोबर तण आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) विकत घेतल्यासारखंच. नवा फुटवा दिसला की मग तो युरिया, १००० चौरस फुटांना अर्धा किलो, तोही पाण्याबरोबर जिरवून.

लग्नाच्या लॉन्सवाल्यांना यातलं बरंच जमणार नाही, हे आम्हाला कळतं. तुळशीच्या लग्नापासून तिथे मांडव आणि खुर्च्या हलत नाहीत. त्यांनी निदान दोन तारखांच्या मधे गालिचे गुंडाळून गवताला ऊन दाखवावं.

शिवरात्रीनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे दोनच मशीन आणि चार माणसं असतात. पाडव्याला लॉन हिरवी हवी असेल तर जानेवारीतच नाव नोंदवा. डागांचा फोटो पाठवाल तो सकाळी, शेजारी काडेपेटी ठेवून काढा, म्हणजे डाग केवढा ते कळतं.