पार्श्वभूमी : विंडोजमधली मराठी, ‘फॉन्ट’ हा शब्द आणि ‘ऱ्य’चा गुंता

नवा लॅपटॉप घरी आला की दुकानदाराला किंवा शेजारच्या मुलाला पहिली विनंती होते ती, “तेवढा मराठी फॉन्ट टाकून द्या.” विंडोज 10 किंवा 11 असलेल्या यंत्रात त्यासाठी बाहेरून काहीच आणावं लागत नाही. देवनागरी दाखवणारा निर्मला यूआय हा फॉन्ट आत असतोच. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडायची, तिच्या ऑप्शन्समध्ये जाऊन मराठी फोनेटिक हा रोमनमधून मराठी लिहिण्याचा कळफलक घ्यायचा, आणि विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की इंग्रजीतून मराठीत. तसंच दाबत गेलं की परत इंग्रजीत. तरी मागणी फॉन्टचीच होते.

एकेकाळी ती मागणी अगदी बरोबर होती. विंडोज 95 आणि 98 च्या काळात मराठी मजकूर म्हणजे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले देवनागरी आकार. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ लिहायला ई, जे, के, शिफ्टसह बी आणि एच अशा कळा दाबायच्या, आणि फाइलमध्ये खरोखर तीच पाच रोमन अक्षरं साठायची. शिवाजी, किरण, श्रीलिपी, आकृती या प्रत्येकाची मांडणी निराळी. ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही तिथे पत्रिका, ठराव, कविता, सगळ्याचा कचरा दिसायचा. म्हणजे आकार, कळांची मांडणी आणि साठवणुकीचा संकेत (कोणतं अक्षर यंत्रात कोणत्या आकड्याने साठवायचं ते) या तिन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये बांधलेल्या होत्या. त्या गाठोड्याला लोकांनी ‘फॉन्ट’ म्हटलं, यात चूक काहीच नव्हती. पुढे गाठोडं सुटलं, तिन्ही गोष्टी वेगळ्या झाल्या, आणि शब्द मात्र तोच राहिला. आजही ‘फॉन्ट चालत नाही’ असं कोणी म्हणालं की आधी विचारावं लागतं : अक्षर दिसत नाही, टाइप होत नाही, की जुनी फाइल वाचता येत नाही? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. भारतीय लिप्यांसाठी समाईक सरकारी संकेत ऐंशीच्या दशकात आकाराला आला आणि 1991 मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झाला. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा सरकारी कळफलकही त्याच दशकातला. कानपूरला सुरू झालेलं आणि पुण्यात वाढलेलं, संगणकात कार्ड बसवून देशी लिप्या दाखवण्याचं तंत्रही त्याच सुमाराचं. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांसाठीचा समाईक संकेत; त्याच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला 128 जागांचा गट मिळाला, तो सरकारी संकेताच्या 1988 च्या आराखड्यावरून.

विंडोजमध्ये युनिकोड मराठी आली विंडोज 2000 पासून, पण घराघरांत पोचली एक्सपीमुळे, आणि तीही अर्धवट. मंगल फॉन्ट होता, पण जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणा आपण होऊन चालू नव्हती. कंट्रोल पॅनलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेसचा टॅब, त्यात ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची चौकट. ती टिचकी मारली की यंत्र एक्सपीची सीडी मागायचं. सीडी घातली तर ठीक; नाही तर आय-386 हे फोल्डर हार्ड डिस्कवर कुठे आहे का, याचा शोध सुरू. ती चौकट रिकामी असेल तर ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरांचे पाय मोडायचे. लोक म्हणायचे, युनिकोड खराब आहे. वर्षानुवर्षं अनेक कचेऱ्या जुन्या फॉन्टांना चिकटून राहिल्या त्याचं एक मोठं कारण ही एक न मारलेली टिचकी आहे, असं मला ठामपणे वाटतं. 2007 च्या व्हिस्टापासून ती यंत्रणा मुळातच चालू असते. नुकसान तोवर होऊन गेलं होतं.

आता ‘ऱ्य’. आचार्यांना दक्षिणा देतात आणि आचाऱ्यांना मजुरी. दर्या कोकणात आणि दऱ्या सह्याद्रीत. र ला हलन्त देऊन य जोडला की डोक्यावर रफार येतो. मराठीला त्याशिवाय पापणीसारखा आडवा र लागतो, आणि तो हिंदीला लागत नाही. सरकारी संकेतात त्यासाठी ऱ हे नुक्त्याचं, म्हणजे खाली टिंब असलेलं, अक्षर वापरायचं ठरलं : ऱ, हलन्त, य. युनिकोडने मात्र 1996 च्या दुसऱ्या आवृत्तीत साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह असा मार्ग दिला. पुढच्या आवृत्त्यांत ऱ चा मार्ग मान्य झाला, पण आधीचा मजकूर बिघडू नये म्हणून जुनाही वैध राहिला. निर्णय सौजन्याचा होता. किंमत मराठीने मोजली, कारण रोजच्या लिखाणात हा र आम्हाला सतत लागतो. शिवाय ऱ पुढे युनिकोडच्या तक्त्यात अधिकृत टीप आहे ती द्रविडी भाषांतला र लिहिण्याची, त्यामुळे हे अक्षर आपलं नाही असं समजून कित्येकांनी ते टाळलं.

दोन्ही ‘ऱ्य’ पडद्यावर आणि कागदावर डोळ्यांना सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेचं काम करताना तिघांनी टाइप केलेले लेख एकत्र केले आणि ‘शेतकऱ्यांना’ शोधलं, तर एका लेखातले सगळे सापडले आणि दुसऱ्यातला एकही नाही. समोरच्या ओळीत शब्द ढळढळीत दिसत होता, आणि शोध म्हणत होता, नाही. एक जण इन्स्क्रिप्टवर शिफ्टसह जे, मग डी, मग य अशी कळ दाबणारा. दुसऱ्याचं लिप्यंतराचं साधन जोडचिन्ह घालणारं. माझं मत इन्स्क्रिप्टवाल्यांच्या बाजूचं आहे. ऱ दिसतो, पुसता येतो, मोजता येतो. अदृश्य जोडचिन्ह नक्कल करताना गळून पडलं की आचाऱ्यांचे आचार्य होतात आणि मुद्रितशोधकालाही पत्ता लागत नाही.

ॲ चीही अशीच तऱ्हा. 2008 मध्ये त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली, तोवर कोणी हिंदी वळणाचा ऍ वापरला, कोणी अ वर चंद्र ठेवला. जुन्या यंत्रांवर नवा ॲ चौकोन होऊन दिसतो.

फोनेटिक कळफलक विंडोजमध्ये आला मे 2019 च्या अपडेटमध्ये, मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी. त्याआधी रोमनमधून मराठी लिहायला बाहेरचं साधन लागायचं. नुसती मराठी जोडली तर जो कळफलक मिळतो तो इन्स्क्रिप्टच्या धर्तीचा, म्हणून पुष्कळ जण घाबरून मागे फिरतात. खरं तर त्याची घडण सुबक आहे : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, के वर क आणि शिफ्टसह ख. आठवडाभर चिकाटी धरली तर हात बसतो.

स्मरणिकेचा गुंता सुटला तो असा. जोडचिन्हाचा एक ‘र्‍’ मजकुरातून उचलून ‘फाइंड’च्या चौकटीत ठेवला, ‘रिप्लेस’च्या चौकटीत ऱ आणि हलन्त टाइप केला आणि सगळीकडे बदल केला. नंतर ‘ऍ’ आणि ‘अॅ’ यांच्या जागी ॲ. मग ‘शेतकऱ्यांना’ पुन्हा शोधलं, आणि तिघांच्याही लेखांतले सापडले.