रस्टमधील ग्राफिकल इंटरफेस

रस्ट या सिस्टिम प्रोग्रॅमिंग भाषेत डेस्कटॉप व मोबाइल ॲपच्या विंडो, बटणे आणि मजकुराच्या चौकटी बांधण्याची पद्धत. ग्रेडन होअर यांनी स्वतःपुरती सुरू केलेली ही भाषा पुढे मोझिलाच्या आश्रयाने वाढली आणि १५ मे २०१५ रोजी तिची १.० आवृत्ती आली. गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी ॲप चालू असताना मोकळी करणारी यंत्रणा) नसतानाही मेमरीच्या चुका कंपायलरनेच, म्हणजे लिहिलेल्या कोडचे चालणाऱ्या ॲपमध्ये रूपांतर करणाऱ्या साधनानेच पकडाव्यात, हे तिचे वैशिष्ट्य. इंटरफेस बांधताना नेमके हेच वैशिष्ट्य आडवे येते.

रस्टमध्ये प्रत्येक मूल्याला एकच मालक असतो. ते मूल्य वाचण्यासाठी एकाच वेळी अनेकांना उसने देता येते, पण बदलण्यासाठी एका वेळी एकालाच, आणि तेवढ्या वेळात इतर कोणाला ते वाचताही येत नाही. आता एक बटण आणि शेजारी आकडा दाखवणारे लेबल घ्या. बटण दाबले की आकडा वाढायला हवा, म्हणून बटणाच्या कॉलबॅकला (दाबल्यावर चालणाऱ्या कोडला) तो बदलण्यासाठी हवा; लेबलला तोच वाचण्यासाठी हवा. जुन्या टूलकिटांत, म्हणजे इंटरफेस बांधण्याच्या तयार संचांत, दोघेही एकाच वस्तूकडे बोट दाखवून मोकळे होतात. रस्टमध्ये कंपायलर अडवतो. ‘आरसी’ आणि ‘रेफसेल’ या रस्टमधल्या तयार प्रकारांच्या वेष्टनात आकडा गुंडाळला तर कंपायलर गप्प बसतो, पण तपासणी टळत नाही, ती ॲप चालू असतानाच्या वेळेवर ढकलली जाते. एक कॉलबॅक आकडा बदलत असतानाच दुसऱ्याने तो मागितला की ॲप वापरकर्त्यासमोरच बंद पडते. जीटीकेसारखी सी भाषेतली टूलकिटे रस्टमधून वापरणाऱ्यांना हे दुखणे चांगलेच परिचयाचे आहे.

यावर सर्वांत सुबक तोड आइस्ड या टूलकिटाने एल्म भाषेकडून घेतली. सगळी स्थिती एकाच ठिकाणी राहते. ‘व्ह्यू’ ती फक्त वाचून चित्र सांगते, बटण फक्त निरोप पाठवते आणि ‘अपडेट’ त्या निरोपानुसार स्थिती बदलते. वाचणे आणि बदलणे कधी एका वेळी होतच नाही, त्यामुळे उसनवारीचे नियम आपोआप पाळले जातात. सिस्टम७६ या कंपनीचे कॉस्मिक डेस्कटॉप आइस्डवरच उभे आहे. इतर टूलकिटांच्या वाटा वेगळ्या आहेत. ईगुई प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचे चित्र दर वेळी काढताना, इंटरफेस नव्याने मांडते. स्लिंटमध्ये मांडणीसाठी वेगळी छोटी भाषा आहे. टॉरी सिस्टिमच्या वेबव्ह्यूत (ॲपच्या आत बसवलेल्या ब्राउझरच्या चौकटीत) वेबपान दाखवते आणि रस्ट मागे ठेवते; ॲप आटोपशीर होते, पण दिसणारा भाग वेबचाच असतो.

मोबाइलवर अनेकदा व्यवहार्य वाट वेगळीच असते : पडदा स्विफ्ट किंवा कोटलिनमध्ये आणि गाभा रस्टमध्ये. मधला पूल मोझिलाचे युनिएफएफआय हे साधन तयार करून देते. टॉरीनेही २०२४ मधल्या २.० आवृत्तीपासून अँड्रॉइड व आयओएसला स्थिर आधार दिला.

टूलकिटाची खरी परीक्षा मात्र मजकुरात होते, आणि मराठी वाचकाला ती लगेच कळते. ‘कि’ हे अक्षर साठवताना आधी क आणि मग वेलांटी असते. काढताना वेलांटी आधी येते. ‘क्ष’मध्ये क, हलन्त आणि ष या तीन खुणांचा एकच आकार होतो. ही पुनर्रचना करणाऱ्या पायरीला शेपिंग म्हणतात. ईगुईत ती दीर्घकाळ नव्हती. वेलांटी उजवीकडेच राहायची, जोडाक्षरे सुटी पडायची. आइस्ड मजकुरासाठी कॉस्मिक-टेक्स्ट ही लायब्ररी वापरते, त्यात शेपिंग आहे.

तितकीच महत्त्वाची गोष्ट न पाहता ॲप वापरणाऱ्यांची. सिस्टिमची तयार बटणे न वापरता टूलकिट स्वतः रंगवते, तेव्हा पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या लेखी तिथे नुसते चित्र असते. ॲक्सेसकिट ही लायब्ररी प्रत्येक घटकाचे नाव, प्रकार आणि स्थिती विंडोज, मॅकओएस व लिनक्स यांच्या ॲक्सेसिबिलिटी व्यवस्थांना कळवते. ईगुई आणि स्लिंट या दोन्ही टूलकिटांनी ती स्वीकारली आहे.